उचल फिटते, गरिबी फिटत नाही

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराच्या हाती वर्षातली सगळ्यात मोठी रक्कम येते ती काम करण्याच्या आधी. पावसाळ्यात मुकादम, म्हणजे तोडणीच्या टोळ्या जमवणारा मध्यस्थ, गावोगाव फिरू लागतो. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे एक कोयता म्हणतात. अशा एका कोयत्यामागे तो पन्नास हजारांपासून लाखभरापर्यंत, अलीकडे काही ठिकाणी त्याहूनही जास्त उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि कागदावर सही किंवा अंगठा घेतो. दसरा-दिवाळीच्या आगेमागे पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, आष्टी, गेवराई या तालुक्यांतली गावे निम्मी रिकामी होतात. माणसे, भांडी, शेळ्या आणि लेकरे ट्रॅक्टर-ट्रकमध्ये बसून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुण्याच्या उसाच्या फडांवर जातात. काही टोळ्या थेट कर्नाटक-गुजरातपर्यंत. पाच-सहा महिन्यांनी पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत येतात. शेजारच्या पाथर्डी तालुक्यात, जालना, परभणी, धाराशिवच्या अनेक गावांत हेच चालते. या माणसांच्या संख्येचा सर्वमान्य आकडा नाही. आठ लाखांपासून बारा-पंधरा लाखांपर्यंत अंदाज सांगितले जातात. १९७२च्या दुष्काळाच्या सुमारास आजोबांनी धरलेला कोयता आज नातवाच्या हातात आहे, अशी घरे या भागात शोधावी लागत नाहीत.

गरिबी पिढ्यान्‌पिढ्या का टिकते, हा प्रश्न समजून घ्यायला ऊसतोडीइतके उघडे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नसेल. कारण एरवी जी कारणे पटकन सांगितली जातात, ती इथे लागूच पडत नाहीत. काम नाही म्हणून गरिबी, असे म्हणता येत नाही. हंगामात कामाला माणसे कमी पडतात. ज्या उद्योगात ही माणसे राबतात तो बुडीत आहे, असेही नाही. २०२१-२२च्या हंगामात महाराष्ट्राने सुमारे १३७ लाख टन साखर काढली आणि देशात पहिला क्रमांक पटकावला. माणसे कष्टाला मागे सरतात, असे तर फड पाहिलेला कोणीही म्हणणार नाही. भल्या पहाटे, थंडीत, दव पडलेल्या उसात तोडणी सुरू होते. गाडी भरायला आली तर मध्यरात्रीही उठावे लागते. काम आहे, उद्योग आहे, कष्ट आहेत. तरी तिसरी पिढी कोयत्यावर आहे. याचे उत्तर माझ्या मते मजुरीच्या दरात शोधण्याआधी पैसा कोणत्या क्रमाने येतो, यात शोधले पाहिजे. ज्या घराला यंदाचा खर्च भागवण्यासाठी पुढच्या हंगामाचे श्रम आजच विकावे लागतात, त्या घराचे पुढचे सगळे निर्णय त्या विक्रीच्या सोयीने होऊ लागतात. लग्न कधी करायचे, मुलगी शाळेत किती वर्षे ठेवायची, दुखणे कधी दाखवायचे, हे सगळे त्यात आले.

आधी हिशेब पाहू. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाचा दर साधारण २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते, त्याच्या मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरते. दोन टन धरले तरी माणशी ३६६ रुपये पडतात, आणि तेही बारा-चौदा तासांच्या कामाचे. आता दुसरा आकडा बघा: २०२४-२५मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती, काम आपल्या गावाजवळ आणि तास मर्यादित. म्हणजे दोन्हींतला फरक रोजाला सत्तर रुपयांचा. एवढ्या फरकासाठी कोणी घराला कुलूप लावून, म्हाताऱ्यांना मागे टाकून सहा महिने उघड्या रानात कोपी (झोपडी) बांधून राहील का? शुद्ध मजुरीचा हिशेब असता तर बीडच्या डोंगरपट्ट्यातली निम्मी माणसे गेलीच नसती.

ती जातात, कारण रोजगार हमीचा पैसा काम केल्यावर, हजेरीपट भरल्यावर, अनेकदा आठवडे उलटल्यावर, थोडा थोडा येतो. केंद्राच्या २००५च्या कायद्याने दिलेली हमीसुद्धा वर्षाला एका कुटुंबामागे शंभर दिवसांची होती. पूर्ण शंभर दिवस काम मिळाले तरी २९७ रुपयांच्या दराने घरात तीस हजार रुपयेही येत नसत. मुकादमाचा पैसा एकदम, एकरकमी आणि नेमका गरजेच्या वेळी येतो. आईचे ऑपरेशन, बहिणीचे लग्न, सोसायटीचे थकलेले कर्ज किंवा बोअरवेल यांपैकी काहीही रोजच्या २९७ रुपयांत होत नाही. बँक या माणसाला तारणाशिवाय लाखभर रुपये देत नाही. मुकादम देतो, कारण त्याला तारण दिसते: दोन माणसांचे सहा महिन्यांचे अंगबळ. गरिबाला मजुरी कमी मिळते हे खरेच आहे. पण त्याला गाठोड्याने पैसा देणारे दुसरे कोणी नसते, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

उचल घेतली की ती फेडायची असते, आणि हिशेब मुकादमाकडे असतो. दीडशे दिवस, रोज दोन टन, टनाला ३६६ रुपये, म्हणजे सुमारे एक लाख दहा हजारांचे काम होते. उचल लाखाची असेल तर हातात दहा हजार उरतात, आणि हे सगळे दिवस भरले तर. पाऊस पडला, कारखान्याचे गाळप थांबले, गाडी आली नाही, ताप आला, तर टन कमी होतात. आजारपणामुळे एक दिवस बुडाला तर अनेक टोळ्यांत खाडा लावतात. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर पाचशे-हजार रुपये दंड म्हणून उचलीत मिळवले जातात. हंगामातला किराणाही बऱ्याचदा खर्चीच्या नावाने उचलीतच चढतो. मग पट्टा पडताना अंगावर बाकी राहते. ती फेडायला पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे यावे लागते, आणि गावी परतल्यावर हातात काहीच नसल्यामुळे पावसाळ्यात नवी उचल घ्यावी लागते. ज्यांची उचल पूर्ण फिटते, त्यांचेही याहून फार वेगळे होत नाही. ते कर्जमुक्त होऊन रिकाम्या हाताने घरी येतात, आणि रिकाम्या हातालाच जूनमध्ये उचल लागते.

हे सगळे गावाकडच्या जमिनीवर भागले असते तर प्रश्नच नव्हता. बालाघाटच्या डोंगररांगांतली जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. जमीन बहुतेकांकडे आहे, पण एकर-दोन एकर, कोरडवाहू, आणि दर पिढीला वाटणी होऊन आणखी लहान. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधात यावर नेमके बोट ठेवले होते. तुकडे जोडून दुखणे बरे होणार नाही, कारण दुखणे तुकड्यांचे नाहीच. जमिनीवर जगू पाहणारी माणसे जास्त आणि जमिनीबाहेर काम कमी, म्हणून तुकडे पडतात. उपाय औद्योगिकीकरणात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शंभर वर्षांनंतर मराठवाड्यात औद्योगिकीकरण आले ते मुख्यतः छत्रपती संभाजीनगर-जालन्याच्या आसपास. बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या माणसासाठी ‘जमिनीबाहेरचे काम’ म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरचा ऊस.

आता या साऱ्यातून पुढची पिढी कशी घडते ते पाहण्यासारखे आहे, कारण खरी गाठ तिथे बसते. उचल कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे जोडी. एकट्या पुरुषाला अर्धा कोयता धरतात आणि उचलही निम्मी. त्यामुळे मुलगा सतरा-अठरा वर्षांचा झाला की त्याचे लग्न लावण्यात घराचा सरळ आर्थिक फायदा असतो: एका लग्नाने अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो. मुलीच्या घरी वेगळी अडचण असते. आई-बाप सहा महिने फडावर जाणार, तेव्हा वयात आलेली मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची? फडावर न्यावी तर तिथे दार नसलेली कोपी. लग्न हा त्यातला सगळ्यात ‘सुरक्षित’ मार्ग वाटतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयोगटातल्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, तर बीडमध्ये सुमारे ४४ टक्के होते. बालविवाहाविरुद्ध प्रबोधनाच्या पदयात्रा काढणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ज्या लग्नामागे उचलीचा हिशेब आहे, ते भाषणाने थांबत नाही.

शाळेचेही तेच. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि मूल दिवाळीच्या आगेमागे जाते ते परीक्षा झाल्यावरच परत येते. असे तीन-चार वर्षे झाले की मूल पटावर असते, वर्गात असते, फक्त वाचता येत नसते. यावर कारखान्यांजवळ साखरशाळा काढून पाहिल्या, शिक्षणहक्क कायद्यानंतर मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांवर भर आला, २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर झाली. जिथे ती नीट चालली तिथे मुले टिकली, हे मान्य केले पाहिजे. पण मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला फडावर लागते, दहा-बारा वर्षांचा मुलगा उसाचे वाढे गोळा करून विकतो, पाणी आणतो. टनावर मजुरी असली की घरातला प्रत्येक हात कामाचा होतो. मुलाला वसतिगृहात ठेवणे म्हणजे काही किलो ऊस दररोज कमी तोडणे, आणि तो कमी पडलेला ऊस उचलीत दिसतो.

बाईच्या शरीरावर या हिशेबाचा जो परिणाम झाला, तो २०१९मध्ये राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाची माहिती आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. त्यांत अनेक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. चर्चा झाली ती मुख्यतः लोभी खासगी डॉक्टरांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण फडावर शौचालय नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत मोळ्या वाहायच्या, अंगावरून जाते म्हणून आडवे पडले तर खाडा. अशा बाईला डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. आणि तिला ते पटते. शस्त्रक्रियेचा खर्च बऱ्याचदा उचलीतूनच येतो. म्हणजे उचल फेडता यावी म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेनेच पुढची उचल वाढते. एवढ्या कमी वयात गर्भाशय, आणि त्याबरोबर कधी बीजाशयही गेले की कंबर, हाडे, सांधे लवकर कुरकुरू लागतात. पस्तिशी-चाळिशीत आईचा कोयता थकला की मुलाचा कोयता लवकर सुरू होतो. पिढ्यांमधले अंतर असे कमी होत जाते.

यावर एक नेहमीचा आक्षेप असतो: ही माणसे उधळी आहेत, दारू पितात, लग्नात ऐपतीबाहेर खर्च करतात, पैसा दिला तरी टिकणार नाही. दारूचे प्रश्न आहेत आणि त्याची झळ बायकांना बसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ऑस्कर लुईस यांनी मेक्सिकोतल्या कुटुंबांचा अभ्यास करून ‘गरिबीची संस्कृती’ ही कल्पना मांडली, तेव्हापासून या आक्षेपाला विद्वत्तेचे कपडेही मिळाले. पण स्वभाव हे कारण असेल तर तोच माणूस हाती पैसा आल्यावर वेगळा वागायला नको. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची तर्कशक्ती आणि एकाग्रता दोन वेळा तपासली: उसाचे पैसे हाती येण्याआधी, तंगीत, आणि पैसे आल्यानंतर. तीच माणसे, तेच शिक्षण. पण तंगीच्या दिवसांत गुण स्पष्टपणे कमी पडले. त्या निष्कर्षांवर पुढे वादही झाले, तरी मूळ मुद्दा सामान्य अनुभवाला धरून आहे: उद्याच्या जेवणाची चिंता डोक्यात असताना पाच वर्षांनंतरचा विचार नीट होत नाही. आणि लग्नाच्या खर्चाबद्दल बोलायचे तर आपल्याकडे सुखवस्तू घरेही कर्ज काढून लग्ने करतात. फक्त त्यांचे कर्ज बँकेचे असते, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांत येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोणी जबरदस्ती करत नाही, माणसे स्वखुशीने सही करतात, शिवाय उचल घेऊन पळणारे मजूरही आहेत आणि त्यात बुडणारे मुकादमही. हे खोटे नाही. मुकादम अनेकदा स्वतःच कोयत्यावरून वर आलेला असतो, कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून उचल घेऊन खाली वाटतो, आणि टोळी फुटली तर तो देशोधडीला लागतो. बुडालेल्या उचलीपायी मजुरांना डांबून ठेवल्याच्या, पळवून नेल्याच्या तक्रारी याच साखळीतून येतात. पण ‘स्वखुशी’चा प्रश्न आपल्या कायद्याने केव्हाच हाताळला आहे. वेठबिगारी निर्मूलनाचा १९७६चा कायदा आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाची काम सोडण्याची, दुसरीकडे जाण्याची मोकळीक गेली तर त्याला वेठबिगारी म्हणतो. १९८२च्या आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याहून पुढे जाऊन सांगितले की भूक आणि नाइलाज ही सुद्धा सक्तीच आहे; किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करावे लागणे म्हणजे घटनेच्या २३व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेले सक्तीचे श्रम. या निकषाने पाहिले तर बॉंडपेपरवरची सही फारसे काही सिद्ध करत नाही.

तिसरे म्हणणे आकड्यांच्या आधाराने येते. नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकानुसार २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात देशातले साडेतेरा कोटी लोक गरिबीतून बाहेर आले. बीडच्याही कितीतरी ऊसतोड कामगारांची मुले शिक्षक झाली, पोलीस झाली. मग सापळा कुठे राहिला? बाहेर कोण पडले, हे पाहिले की उत्तर मिळते. विहिरीला पाणी लागले ते, गावात राहून मुलांना सांभाळणारी आजी होती ते, आश्रमशाळेत जागा मिळाली ते. बांगलादेशात २००७पासून अकरा वर्षे सुमारे सहा हजार अतिगरीब कुटुंबांच्या मागे राहून केलेल्या अभ्यासात हेच दिसले. सगळ्यांना सारखीच मदत, मुख्यतः गाय, देण्यात आली होती. ज्यांची एकूण मालमत्ता त्या मदतीने एका ठरावीक पातळीच्या वर गेली ते वर चढत राहिले. जे त्या पातळीच्या थोडे खाली राहिले ते पुन्हा जुन्या जागी घसरले. दोन्ही गटांच्या अंगच्या गुणांत मोठा फरक नव्हता. सुरुवात कुठून झाली, एवढाच फरक होता. उंबरठ्याच्या अलीकडे संपणारी मदत दयाळू असते, पण ती वाया जाते. आपल्या योजनांचा बराच पैसा असा अलीकडेच संपतो: शेळ्या मिळतात पण दिवाळीनंतर त्यांना सांभाळायला घरी कोणी नसते, वसतिगृह मिळते पण मार्गशीर्षात सुरू होते.

यंत्र येईल आणि प्रश्न आपोआप मिटेल, असे कारखानदारीतली काही मंडळी म्हणतात. ऊसतोडणी यंत्रांना सरकार अनुदानही देते. यंत्राने तोडणी होईल. उचल ज्या गरजेतून घेतली जात होती ती गरज मात्र गावातच राहील, आणि ती भागवायला दुसरा मुकादम उभा राहील, वीटभट्टीचा किंवा बांधकामाचा.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, उचलीची जागा घेणारा पैसा. राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे आणि तेवढेच राज्याने घालायचे, असे ठरले आहे. हा निधी समारंभांत आणि फुटकळ वाटपांत घालवण्यापेक्षा जून महिन्यात नोंदणीकृत कामगाराच्या खात्यात कमी व्याजाचे, पण श्रमाशी न बांधलेले कर्ज देण्यासाठी वापरला, तर मुकादमाचे निम्मे बळ जाईल. हा पैसा बुडेल, अशी भीती घालणाऱ्यांनी साखर कारखान्यांची किती कर्जे सरकारी हमीवर उभी राहिली आणि त्यांतली किती फिटली, हेही एकदा पाहावे. दुसरी गोष्ट, कामगार कारखान्याचा आहे हे कागदावर मान्य करणे. आज कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाशी, मुकादम जोडीशी. अपघात झाला की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. टनाची पावती आणि मजुरी नवरा व बायको या दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत थेट जमा झाली, तर हिशेब तरी उघडा होईल. आज बाईच्या श्रमाची नोंद तिच्या नावाने कुठेच नसते. खाडा हा दंड सरळ बेकायदा ठरवावा.

यात क्रांतिकारक काही नाही. उसाच्या शेतकऱ्याला हे संरक्षण कधीच मिळालेले आहे. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत ठरलेली किंमत द्यावी लागते आणि उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यावे लागते. ते पाळले जात नाही तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरतात, साखर आयुक्तालयावर मोर्चे नेतात आणि वसुलीचे आदेश निघतात. तोच ऊस तोडणाऱ्याचा दर साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यातल्या वाटाघाटीवर चालतो, आणि तो द्यायची मुदत व उशिराचे व्याज ठरवणारा असा आदेश अजून निघालेला नाही. पुढचा गाळप हंगाम सुरू होण्याआधी सरकारने तो काढावा.